तारीख विचारता, तर वारही विचारा

प्रति,
ज्यांच्या ॲपमध्ये, वेबसाइटवर किंवा फॉर्ममध्ये ‘जन्मतारीख’, ‘दिनांक’ किंवा ‘मुदत’ नावाची चौकट आहे, ती चौकट बनवणाऱ्या सर्व प्रोग्रॅमर, टेस्टर आणि प्रोजेक्ट मॅनेजर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक. बारा-तेरा वर्षं पुण्यात कोड लिहिते आहे. गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. माझी वहिनी तिकडे महा ई-सेवा केंद्र चालवते. गेल्या जूनमध्ये दाखल्यांची गर्दी ऐन भरात असताना तिचा मदतनीस आजारी पडला, म्हणून मी सुट्टी टाकून तिच्या काउंटरवर बसायला गेले. या पत्राचं कारण त्या काउंटरवर घडलं.

एक मावशी संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म भरायला आल्या होत्या. मी जन्मतारीख विचारली. त्यांनी आधार कार्ड पुढे केलं. त्यावर १ जानेवारी १९६८ होतं. मी टाइप करायला लागले तशा त्या म्हणाल्या, “ती कार्डावरली हाय. माझी खरी येगळी हाय.”

“मग खरी कोणती?”

“दुष्काळाच्या आदल्या साली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.”

दुष्काळ म्हणजे बहात्तरचा, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. त्याच्या आदलं साल १९७१. आमचा पोळा श्रावणी अमावस्येचा. रांग खोळंबली होती, तरी मी मोबाईलवर जुनं पंचांग काढलं. अमावस्या २० ऑगस्टला. म्हणजे दुसरा दिवस २१ ऑगस्ट १९७१. मी तसं सांगितलं. मावशींनी लगेच मान हलवली नाही. त्यांनी विचारलं, “वार कोणता पडतो त्या दिवशी?”

“शनिवार.”

“मग बराबर. आई सांगायची, शनवारची हायस म्हणून मारुतीला नारळ फोडला होता.”

मित्रमैत्रिणींनो, मी त्या खुर्चीत क्षणभर तशीच बसून राहिले. बारा वर्षांत तारखा वाचणारा कोड मी किती वेळा लिहिला असेल याची गणती नाही. माणसाने टाकलेलं वाचायचं, त्यातून दिवस-महिना-साल काढायचं, डेटाबेसमध्ये टाकून मोकळं व्हायचं. कधी शाळेत न गेलेल्या बाईने जे केलं ते माझ्या एकाही प्रोग्रॅमने केलं नव्हतं. तिने उत्तर दुसऱ्या बाजूने पडताळून घेतलं.

फॉर्मवर अर्थात १ जानेवारी १९६८च गेलं. आधारशी जुळलं नाही तर अर्ज परत येतो. जाताना त्यांनी विचारलं, “मग माझी खरी तारीख कुठं लिवायची?” त्यांना दाखवायला माझ्याकडे रकाना नव्हता.

ही गोष्ट एकट्या मावशींची नाही. ज्यांना फक्त साल किंवा वय ठाऊक होतं अशा असंख्य लोकांच्या आधारवर १ जानेवारी आली. त्याआधीच्या पिढ्यांच्या शाळेच्या दाखल्यांवर १ जून आहे, कारण शाळा जूनमध्ये भरायच्या आणि मूल वयात बसवायला गुरुजी तीच तारीख घालायचे. माझ्या वडिलांचीही १ जूनच. त्या गुरुजींना मी दोष देत नाही, त्यांच्यापुढेही एक चौकट होती आणि ती रिकामी ठेवायची सोय नव्हती. पण आपण आता नव्याने चौकटी बनवतो आहोत, आणि तीच चूक शंभरपट वेगाने करतो आहोत. म्हणून हे पत्र.

आधी माझी स्वतःची चूक सांगते, म्हणजे बाकीचं सांगायचा अधिकार येईल.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पतसंस्थेचा जुना डेटा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचं काम माझ्याकडे आलं. ठेवींची यादी एक्सेलमध्ये होती आणि तारखा माणसांनी टाइप केलेल्या होत्या. कुठे १७/३/२०१५, कुठे १७-३-१५, कुठे १७ मार्च. मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली डेटयुटिल ही प्रसिद्ध लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला तयार कोड, वापरली, कारण ती असं काहीबाही लिहिलेलंही वाचते. पहिल्या पंधरा-वीस ओळी तपासल्या, सगळ्या बरोबर. १७/३ म्हणजे १७ मार्च, २५/६ म्हणजे २५ जून. मी निर्धास्त झाले.

मार्च महिन्यात एक निवृत्त शिक्षिका ठेव मोडायला संस्थेत आल्या. त्यांच्या हातात ठेव पावती होती, निळ्या शाईत मुदतीची तारीख लिहिलेली, १०/३/२०१५. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन पाहिली आणि सांगितलं, “बाई, तुमची मुदत ऑक्टोबरमध्ये संपते.” त्यांनी पावती दाखवली. तो म्हणाला, “कॉम्प्युटरमध्ये तीन ऑक्टोबर आहे.” घराच्या स्लॅबचा दिवस ठरला होता, गवंड्याला पैसे द्यायचे होते. त्या चार हेलपाटे घालून गेल्या. शेवटी व्यवस्थापकाने जुनं ठेव रजिस्टर कपाटातून काढलं, तेव्हा कागद खरा आणि स्क्रीन खोटी हे कळलं.

झालं होतं ते असं. त्या लायब्ररीला तुम्ही मुद्दाम सांगितलं नाहीत तर ती अमेरिकी पद्धतीने आधी महिना आणि मग दिवस धरते. १०/३ म्हणजे तिच्या लेखी तीन ऑक्टोबर. पण १७/३ आलं की सतरावा महिना नसतो, मग ती कुरकुर न करता उलटं करते आणि १७ मार्च वाचते. एरर नाही, सूचना नाही. एकाच फाइलमधल्या एकाच रकान्यात काही ओळी एका पद्धतीने आणि काही दुसऱ्या पद्धतीने वाचल्या जातात. मी तपासलेल्या ओळींत नेमके बारापेक्षा मोठे दिवस होते.

हिशेब करून पाहा. वर्षात दिवस आणि महिना दोन्ही बाराच्या आत असलेल्या तारखा १४४. त्यातल्या १/१, २/२ अशा १२ उलट्या केल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे ३६५पैकी १३२ दिवस असे, की तारीख चुकली तरी ती अगदी खऱ्यासारखी दिसते. तीनातली एक तारीख! ३० फेब्रुवारी आलं तर कोणीही पकडेल. दहा मार्चची तीन ऑक्टोबर झाली तर ती फक्त त्या शिक्षिकाच पकडू शकतात, आणि तेही पावती जपून ठेवली असेल तर.

तुम्ही म्हणाल, उलट्या झालेल्या परत सुलट करायच्या, त्यात काय. तोवर संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी काउंटरवर नव्या नोंदी बरोबर क्रमाने घातल्या होत्या, त्यामुळे कुठली उलटी आणि कुठली सुलट ते सांगता येईना. जुनी एक्सेल फाइल ज्या कॉम्प्युटरवर होती तो फॉरमॅट झाला होता. आणि माणसाने मुळात काय टाइप केलं होतं तो मजकूर मी नव्या डेटाबेसमध्ये ठेवलाच नव्हता, कारण तारीख ‘वाचून झाली’ असं मी समजले होते. आम्ही तिघांनी तीन आठवडे बसून रजिस्टरांवरून एकेक ठेव हाताने पडताळली. त्या रजिस्टरांचा जुन्या कागदाचा वास अजून नाकात आहे. त्या शिक्षिकांना मी भेटून माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, “मी दाखवत होते ना पावती.”

हे वाक्य मला या पत्रातून तुमच्यापर्यंत पोचवायचं आहे. माणूस पावती दाखवत असतो, आणि आपण बनवलेली स्क्रीन त्याला खोटं ठरवते.

या भानगडी माहीत नसणं हा गुन्हा नव्हे, पण माहीत करून घेणं आपलं काम आहे. पीएचपी या दुसऱ्या एका भाषेत मधली खूण तिरकी रेघ असेल तर महिना आधी धरतात आणि आडवी रेघ असेल तर दिवस आधी. ५/३ आणि ५-३ मध्ये दोन महिन्यांचा फरक! आपल्याकडे या दोन खुणा माणूस हाताला येईल तशा वापरतो, एकाच पानावर दोन्ही. डेटयुटिलला ‘मार्च १९५८’ एवढंच दिलं, तर दिवसाच्या जागी ती आजचा दिवस घालते. म्हणजे फॉर्म ज्या तारखेला भरला त्या तारखेचा आकडा एखाद्या आजोबांच्या जन्माला कायमचा चिकटतो. दोन आकडी सालाचं तर विचारूच नका. पायथनची नेहमीची पद्धत ०० ते ६८ या सालांना दोन हजारात टाकते आणि ६९ ते ९९ला एकोणीसशेत. एक्सेल मात्र नेहमीच्या सेटिंगमध्ये २९पर्यंत दोन हजारात आणि ३०पासून एकोणीसशेत. ‘१२/६/५२’ लिहिणारे आजोबा एका प्रोग्रॅममध्ये १९५२चे आणि दुसऱ्यात २०५२चे, म्हणजे अजून जन्मायचे. आपल्या राज्यात श्रावणबाळ योजनेसाठी पासष्ट वर्षांची अट आहे. तिथे हा आकडा म्हणजे कोणाच्या तरी घरातली महिन्याची औषधं असतात.

आता आमच्या तालुक्याची गोष्ट. किल्लारी औसा तालुक्यात येते. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बुडवून माणसं थकून झोपली होती आणि पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडे अजून लोक ‘गणपती बुडवले त्या रात्री’ असंच म्हणतात. कॅलेंडरवर ती ३० सप्टेंबरची पहाट होती आणि स्मृतिदिन त्याच तारखेला. पण जगभरातल्या भूकंपांच्या नोंदींत हाच भूकंप २९ सप्टेंबरला आहे, रात्री दहा वाजून पंचवीस मिनिटांनी. तिथे वेळ युटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे लिहितात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढे आहोत. कोयनेचंही तसंच. आपल्याला ११ डिसेंबर १९६७ माहीत आहे, त्या नोंदींत १० डिसेंबर आहे. दोन्ही बरोबर आहेत, कारण त्या नोंदीत वेळेसोबत ती कुठली वेळ हेही लिहिलेलं असतं.

आपण काय करतो? जन्मतारखेच्या चौकटीत कोणी ३० सप्टेंबर १९९३ निवडलं की ब्राउझरमधला आपला कोड त्याची ‘मध्यरात्री बारा’ अशी वेळ बनवतो. ती युटीसीत बदलून सर्व्हरकडे जाते तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा होतात. सर्व्हरवरचा कोड वेळ कापतो, तारीख ठेवतो. झाली २९ सप्टेंबर. माणूस एक दिवस आधी जन्मला. काही ठिकाणी तर प्रोफाइल उघडून नुसतं सेव्ह केलं तरी दर खेपेला एक दिवस कमी होताना मी पाहिला आहे. हा दोष भारतात बसलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमरला केव्हा ना केव्हा भेटतो, तरी तो दरवर्षी नव्याने लिहिला जातो. जन्मतारीख ही घड्याळातली वेळ नव्हे. तिला तास नाही, मिनिट नाही, टाइमझोन नाही. तिला टाइमस्टँप, म्हणजे घड्याळातला नेमका क्षण, बनवू नका, एवढीच विनंती. ज्या गावात ती तारीख दगडावर कोरलेली आहे तिथल्या माणसाला ‘एक दिवसाने काय होतं’ असं कृपा करून म्हणू नका.

एक्सेलबद्दल थोडं, कारण वहिनीच्या केंद्रात त्याचा जाच रोज आहे. शेतकऱ्यांची यादी करताना गट नंबरच्या रकान्यात ५/२ टाकलं की एक्सेल त्याचं ‘०५-फेब्रु’ करतं. सातबारा हे नाव गाव नमुना सात आणि बारावरून पडलं, पण ७/१२ टाइप करा, एक्सेलला त्यात सात डिसेंबर दिसतो. आणि ते दिसण्यापुरतं बदललेलं नसतं, आत खरोखर तारखेचा आकडा बसलेला असतो. रकाना परत मजकुराचा केला की ५/२ परत येत नाही, ४५ हजारांच्या पुढचा कुठलातरी आकडा येतो. हे दुखणं जगाचं आहे. जनुकांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या यादीत ‘मार्च-१’, ‘सेप्ट-२’ यांसारखी लघुनावं होती. त्यांच्या इतक्या वेळा तारखा झाल्या, की २०२० साली जनुकांच्या नावांची जबाबदारी असलेल्या समितीने ती नावंच बदलली. २०२३मध्ये एक्सेलमध्ये हे आपोआप बदलणं बंद करायची सोय आली. शास्त्रज्ञांना नावं बदलता आली. आमच्या शेतकऱ्याने गट नंबर बदलायचा का? कोणी तारीख म्हणून दिलेली नाही ती तारीख समजू नये, हा साधा नियम आहे.

आणि जे तारीख म्हणून देतात ते कसं देतात, हे आपण कधी बसून ऐकतो का? मी त्या काउंटरवर ऐकलं. ‘परवा’ हा शब्द घ्या. हिंदीत कालला आणि उद्याला एकच शब्द आहे म्हणून आपण नवल करतो, पण आपला परवा दोन्हीकडे जातो आणि तेरवाही जातो. ‘परवा आलो’ आणि ‘परवा येतो’ यांतला फरक क्रियापदात आहे, तारखेच्या शब्दात नाही. चौकटीत नुसतं ‘परवा’ आलं तर यंत्राने अंदाज करायचा नसतो, विचारायचं असतं.

डॉक्टर सोमवारी म्हणतात, ‘आठ दिवसांनी या.’ पेशंट पुढच्या सोमवारी येतो. आठवडा या शब्दातच आठ आहेत, कारण आपण दोन्ही टोकं मोजतो. पंधरा दिवसांनी म्हणजे दोन आठवड्यांनी, त्याच वारी. अपॉइंटमेंटच्या एका ॲपमध्ये मी ‘आठ दिवसांनी’ टाकून पाहिलं. त्याने आजच्या तारखेत आठ मिळवले आणि मंगळवार दिला. कोड लिहिणाऱ्याचं गणित बरोबर होतं, पण त्याच्या आईला विचारलं असतं तर तिने सोमवार सांगितला असता. दहाव्याचंही तेच. माणूस तीन तारखेला गेला तर दहावा बाराला, तेराला नाही. ‘येत्या सोमवारी’ म्हटलं की सगळ्यांना एकच सोमवार कळतो, पण शनिवारी बसून ‘पुढच्या सोमवारी’ म्हटलं तर कोणाला परवाचा वाटतो, कोणाला त्याच्या पुढचा. पोळासुद्धा कुठला ते विचारावं लागतं. आमचा श्रावणात, पुण्याकडच्या काही गावांत भाद्रपदात, आणि कोल्हापूरकडे आषाढातच बेंदूर झालेला असतो. आणि घरातला एक मुलगा न्यू जर्सीला गेला की व्हॉट्सॲपच्या एकाच ग्रुपवर ‘३/४ला पोचतो’ याचे दोन अर्थ होतात. वडील ३ एप्रिलला गाडी ठरवतात आणि मुलगा ४ मार्चला मुंबईत उतरतो.

हे सगळं यंत्राला पाठ करायला लावा असं मी म्हणत नाही. एवढं शिकवायची कोणाची ताकद नाही आणि गरजही नाही. पण मराठीत लिहिलेली साधी तारीख तरी वाचता यावी ना? ब्राउझरला मराठीत तारीख दाखव म्हटलं की तो आपणहून मराठी आकड्यांत दाखवतो. तीच तारीख उचलून त्याच ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला परत दिली की ‘अवैध तारीख’ म्हणतो. पायथनला मराठी आकडे कळतात, म्हणजे हे अशक्य नाही, फक्त कोणी लक्ष दिलेलं नाही. आकडे बदलून घ्यायला दहा ओळींचा कोड लागतो.

महिन्यांच्या नावांची गोष्ट थोडी अवघड आहे. जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना कोड ठरवून देणाऱ्या युनिकोडचा सीएलडीआर नावाचा भाषावार माहितीचा संग्रह आहे. त्यात मराठी महिन्यांची नावं आहेत, पूर्ण रूपात आणि आखूड रूपातही. पण मराठी माणूस ‘जुलैला’, ‘मेच्या’, ‘सप्टेंबरअखेर’ असं लिहितो. प्रत्यय नावाला चिकटतो, आणि मोकळी जागा पाहून तुकडे पाडणारा कोड तिथेच अडतो. वर ‘ऑगस्ट’. केंद्रात एका मुलाचा फॉर्म तीनदा परत आला. स्क्रीनवर ऑगस्ट अगदी नीट दिसत होतं. मी अक्षरांचे कोड काढून पाहिले तेव्हा कळलं, त्याच्या कीबोर्डवरून ‘ऑ’ हे एक अक्षर न येता ‘अ’ आणि वरचा अर्धचंद्राचा काना अशी दोन अक्षरं आली होती. काही स्क्रीनवर डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करायची पद्धत, चालवलं तरी ते एक होत नाहीत. आपण ते स्वतः एक करून घ्यावे लागतात. तो मुलगा बिचारा प्रत्येक वेळी स्वतःचं शुद्धलेखन तपासत होता.

मग करायचं काय? कॅलेंडर लावून टाकू, म्हणजे टाइप करायलाच नको, असं तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आलं असेल. भेटीची वेळ ठरवायला कॅलेंडर छान. पण सत्तर वर्षांच्या माणसाला जन्माच्या महिन्यापर्यंत न्यायला तो मागचा बाण ८४० वेळा दाबावा लागतो. वरच्या सालावर टिचकी मारली की यादी उघडते हे तुम्हाला-मला ठाऊक असतं, त्यांना नसतं. मी एका आजोबांना तो बाण दाबताना पाहिलं आहे. दोन हजार सालाच्या आसपास त्यांनी फोन वहिनीकडे दिला. ब्रिटनमध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी जी ठरलेली पद्धत आहे तीत जन्मतारखेला दिवस, महिना, साल अशा तीन साध्या चौकटी देतात, आणि महिना अक्षरांत लिहिला तरी घ्या असं सांगतात. आपल्यालाही तेवढं सहज जमेल.

टाइप केलेलं घेणार असाल तर, माझ्या हातून जे झालं नाही ते करा. माणसाने जे लिहिलं ते जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात ठेवा, कायमचं. तुमचा अर्थ त्याच्या शेजारी ठेवा, त्याच्या जागी नाही. कोडमध्ये दिवस आधी हे स्पष्ट लिहा, लायब्ररीच्या मर्जीवर सोडू नका. आणि वाचलेली तारीख परत दाखवताना आकड्यांत दाखवू नका. ०५/०३/२०२६ टाकणाऱ्याला ०५/०३/२०२६ दाखवून काय कळणार? ‘५ मार्च २०२६, गुरुवार. बरोबर आहे का?’ असं दाखवा. महिना अक्षरांत आला की उलटापालट उघडी पडते. वार आला की एक दिवसाची चूकही उघडी पडते, कारण आपल्याकडे वार माणसाच्या अंगवळणी असतो. बाजाराचा वार, उपासाचा वार, मारुतीचा, खंडोबाचा. लग्नाची तारीख विसरलेली माणसं मला भेटली आहेत, पण ते लग्न कुठल्या वारी होतं ते बहुतेकांनी बिनचूक सांगितलं. एवढी पडताळणी लोकांच्या डोक्यात आयती तयार आहे आणि आपण ती वापरत नाही.

आणि ‘पक्कं माहीत नाही’ यासाठी जागा ठेवा. फक्त साल ठाऊक असेल तर फक्त साल घ्या. महिना-साल ठाऊक असेल तर तेवढंच. अंदाजे असेल तर अंदाजे असं नोंदवा. हे मी मनाचं सांगत नाही. आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१९ साली आलेल्या दुसऱ्या भागात अपुऱ्या, अंदाजे आणि शंकास्पद तारखा कशा लिहायच्या याच्या खुणा ठरवून दिलेल्या आहेत. ग्रंथालयं आणि अभिलेखागारं जुन्या कागदांसाठी त्या वापरतात. जुन्या कागदाला जी सवलत मिळते ती जिवंत माणसाला का मिळू नये? कायद्याला एक पक्की तारीख लागते हे मला कळतं. ती लागेल तिथे लावा, पण ‘कागदोपत्री’ आणि ‘सांगितलेली’ असे दोन रकाने ठेवायला कुठलाही कायदा आड येत नाही. १ जून आणि १ जानेवारी या तारखांनी भरलेल्या याद्यांवरून कोणी उद्या वयाचा अभ्यास करील, तेव्हा त्यालाही हे दोन रकाने लागतील.

तुमच्यावर कामाचा ताण असतो, हे मला माहीत आहे. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज असतो आणि तारखेची चौकट हे सगळ्यात क्षुल्लक काम समजून नव्या पोराला दिलेलं असतं. ते पोर मी होते. म्हणून मॅनेजर मंडळींना वेगळं सांगते. त्या चौकटीला एक दिवस जास्त द्या. टेस्टरना १३२ उलट्या होणाऱ्या तारखा देऊन तपासायला सांगा, २५ जूनसारख्या तारखेने नाही. चाचणीच्या मशीनचं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवा, आणि एकदा ते न्यू जर्सीच्या वेळेवर लावूनही तोच फॉर्म उघडून पाहा.

आणि जमलं तर प्रत्यक्ष या. लातूरहून औशाला एसटी आहे. केंद्र सकाळी दहाला उघडतं, आणि बाजाराच्या दिवशी त्याआधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. वहिनीच्या शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी असते, तिच्यावर बसा. फक्त ऐका. कोणी जन्मतारीख म्हणून जे काही सांगेल ते जसंच्या तसं वहीत उतरवून घ्या, आणि संध्याकाळी ती वही तुमच्या फॉर्मपुढे ठेवून बघा, त्यातल्या किती ओळी तो घेतो.

त्या मावशींची तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे. २१ ऑगस्ट १९७१, शनिवार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यांचा अर्ज मंजूर झाला, हप्ता सुरू झाला आहे. नवा फॉर्म भरायची वेळ येईल तेव्हा त्या परत त्याच खुर्चीसमोर उभ्या राहतील आणि तोच प्रश्न विचारतील. त्याआधी तुमच्यापैकी कोणीतरी तो रकाना बनवावा.

आपली,
औसा तालुक्यातली एक प्रोग्रॅमर